जुन्या वस्तू, नवे शौकीन

दिवाळी जवळ आली की घरोघरचे माळे रिकामे होतात. वर्षभर अंधारात पडून असलेली घंगाळे, तपेली, पाणी तापवायचा बंब, काच नसलेले कंदील अंगणात येऊन बसतात आणि घरातल्या दोन पिढ्यांचा ठरलेला वाद सुरू होतो. ‘हे ठेवायचे कशाला?’ असे धाकटी पाती विचारते, आणि ‘हे टाकायचे कसे?’ असे थोरली. वादाचा निकाल बहुधा मोडवालाच लावतो. तो तांबे एकीकडे, पितळ एकीकडे असे ढीग लावतो, काटा अडकवतो, आणि पणजीच्या रुखवतातले घंगाळ किलोच्या भावाने दारातून बाहेर पडते.

हल्ली मात्र या वादात एक तिसरा पक्ष शिरला आहे. हा पक्ष जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा. पूर्वी अशी माणसे गावात एखाद-दुसरी असत आणि लोक त्यांना सौम्य शब्दांत विक्षिप्त म्हणत. आता तरुण मंडळी या नादाला लागली आहेत. कुणी नाणी जमवतो, कुणी अडकित्ते, कुणी जुनी कुलपे. आणि जिथे नवे आले तिथे जुने असतातच. जिथे दोघे आले तिथे गैरसमज आलेच! सासू-सुनांच्या भांडणांवर आपल्याकडे ढीगभर लिहून झाले आहे. या जुन्या-नव्या संग्राहकांच्या रुसव्याफुगव्यांवर मात्र कुणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा खटाटोप.

मी स्वतः काही जमवीत नाही. पुस्तकांनी घर भरले आहे आणि त्यापुढे एकही वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही असा गृहमंत्र्यांचा हुकूम आहे. महाविद्यालयात मराठी शिकवावे आणि संध्याकाळी पाटसला घरी परतावे, हा माझा क्रम. पाटस म्हटले की पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना टोलनाका आठवतो आणि बाकीच्यांना भीमा सहकारी साखर कारखाना. गावात कुणी पाहण्याजोगा संग्रह केला असेल असे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. पण आमच्या आळीत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, मीही तेच म्हणेन. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या नोकरीत जिथे जिथे बदली झाली तिथून तिथून त्यांनी काही ना काही आणले. समया, लामणदिवे, फणेरपेट्या, पानाच्या चंच्या, पाय घासायच्या वजऱ्या, दोन पेट्या भरून अडकित्ते, एका बरणीत तांब्याच्या शिवराया आणि मोडी कागदांचा एक गठ्ठा. मोडीत निघालेल्या वस्तू आणि मोडीत लिहिलेले कागद, असे मी एकदा गमतीने म्हणालो. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या नादाची थट्टा त्यांना खपत नाही.

दुसरा माणूस म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. दौंडला बँकेत नोकरीला आहे, अविवाहित आहे, आणि रविवारी काय करावे या चिंतेतून नाण्यांकडे वळला. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन त्याने सात शिवराया आणल्या. पाटसच्या गुरुजींचे नाव त्याच्या कानावर गेले होते. “सर, मला एकदा त्यांच्याकडे न्या,” असा त्याने धोशाच लावला, तेव्हा मी त्याला घेऊन गेलो.

गुरुजी त्या वेळी ओटीवर बसले होते. “या, बसा,” म्हणाले. मुलाने खिशातून पुडी काढली आणि सातही नाणी सतरंजीवर पसरली. नव्या पैशासारखी लखलखत होती! मुलाने ती चिंचेच्या कोळात भिजवून, वर पितांबरीने घासून आणली होती. पाहुण्याकडे जायचे तर वस्तू स्वच्छ असावी, हा त्याचा साधा आणि चांगला विचार. गुरुजींनी एक नाणे कडेला धरून उचलले, उजेडात पाहिले, खाली ठेवले आणि विचारले, “कुठून आणलीत?”

मुलगा म्हणाला, “घेतली आहेत हो, पैसे देऊन. गुरुजी, यांचे किती येतील?”

त्यावर गुरुजी एवढेच म्हणाले, “चहा घ्या.”

चहा झाला. पावसापाण्याच्या, कारखान्याच्या गोष्टी झाल्या. नाण्यांविषयी पुढे चकार शब्द नाही. रस्त्यावर येताच मुलाचा बांध फुटला. “सर, एवढे जाणकार म्हणवतात आणि एक शब्द सांगायला तयार नाहीत! वर मी चोरून आणल्यासारखे ‘कुठून आणलीत’ म्हणून विचारतात. त्यांना माझी नाणी फुकटात लाटायची असतील.” दुसऱ्या दिवशी गुरुजींची बाजू ऐकली. “प्राध्यापक, तुमचा मुलगा चांगला आहे, पण त्याला नाणी नकोत, पैसे हवेत. माझ्या घरात आजवर कुणी सतरंजीवर माल मांडून भाव विचारला नव्हता. आणि तीनशे वर्षांचा रंग त्याने एका सकाळीत धुऊन टाकला. आता त्याला काय सांगू? रडू?”

दोघेही सज्जन, दोघांचाही नाद एकच, आणि पंधरा मिनिटांत दोघांची एकमेकांविषयी अशी मते! शब्दांचा व्यवसाय करणारा माणूस मी. मला त्यात एका शब्दाची गंमत दिसली. ‘कुठून’ हा तो शब्द. जुना संग्राहक ‘कुठून आणली?’ असे विचारतो तेव्हा त्याला वस्तूचे गाव, घराणे, ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती आली हे हवे असते. नव्याला तो पोलिसाचा प्रश्न वाटतो. उलट नवा माणूस भोळेपणाने ‘हे तुम्हाला कुठे मिळाले?’ असे विचारतो, तेव्हा त्याला वस्तूविषयी कौतुक असते. जुन्याला मात्र वाटते, हा माझे दुकान, माझा माणूस, माझी वाट विचारतो आहे आणि येत्या रविवारी माझ्याआधी तिथे जाऊन उभा राहील. शब्द एकच, पण दोघांच्या कानांत दोन प्रश्न पडतात.

नव्यांच्या पैशाच्या प्रश्नालाही एक कारण आहे, ते जुन्यांनी समजून घ्यायला हवे. गेली काही वर्षे मोबाइलवर बातम्या फिरत असतात की अमुक छापाची पाच रुपयांची नोट लाखाला जाते, तमुक आकडा असलेली नोट असेल तर नशीब उघडले. या नावाखाली लोकांना इतके गंडवले गेले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही. बरेच तरुण या दारातून नाण्यांच्या जगात शिरतात. दार वाईट असले म्हणून आत येणारा प्रत्येक जण वाईट नसतो. निम्मे जण महिन्याभरात कंटाळून जातात आणि उरतात त्यांना खरोखरच काही पाहायचे असते.

शिवराईत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या सुमाराची ही नाणी. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’. पुढे पेशवाईतही हाच नमुना चालू राहिला आणि इंग्रजी अंमल आल्यावरही कितीतरी वर्षे शिवराई बाजारात चालत होती. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरे बहुधा अर्धीमुर्धी उमटतात. एका नाण्यावर ‘राजा’ पूर्ण तर दुसऱ्यावर नुसता काना. आणि लेखनाचे प्रकार तरी किती! कुठे शिव ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे श चा स झालेला. परीक्षेत ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलांचे गुण कापणाऱ्या मला हे पाहून थोडे ओशाळल्यासारखेच होते. पण अक्षरांच्या खोबणीत साचलेला तो काळपट-हिरवट थर निघाला, की वाचणे सोपे होण्याऐवजी अवघड होते. तो थर म्हणजे मळ नव्हे. तांबे हवेशी आणि मातीशी शतकानुशतके बोलत आले, त्या बोलण्याची ती साय आहे. चिंचेतले आम्ल ती साय खाते आणि खालचे धातूचे अंगही थोडे खाते. म्हणूनच घासलेले नाणे जाणकार कमी प्रतीचे मानतात. दिवाळीत देवाची भांडी चिंचेने घासण्याची आपली रीत चांगलीच आहे, पण ती देव्हाऱ्यापुरती ठेवावी.

हे सारे गुरुजींनी त्या मुलाला पाच मिनिटांत सांगितले असते. का सांगितले नाही? माझ्या मते जुन्यांचा हा अबोला काही नुसता तुसडेपणा नव्हे. त्याला मोठा इतिहास आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे असे बावीस खंड झाले. पण दप्तर ज्याच्या घरी असे तो दार उघडायला राजी नसे. असावा तरी कसा? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन आले, त्याने सनदा-कागद तपासले आणि कित्येक इनामे गेली. त्या पिढीने मुलांना शिकवले, की कागद दाखवू नये, कागद दाखवला की जमीन जाते. राजवाडे इतिहासासाठी आलेले. घरमालकाला ते सरकारचे वाटत. तेव्हा नव्या माणसाला आल्याआल्या सगळे उलगडून न दाखवणे हे आमच्याकडच्या जुन्या घरांच्या हाडीमासी खिळले आहे.

त्यात आता मोबाइलची भर. नवा शौकीन येतो, न विचारता फोटो काढतो आणि मित्रमंडळींच्या गटात टाकतो. चार दिवसांनी परगावचा दलाल दारात उभा! गुरुजींकडे असा प्रकार दोनदा झाला. एकाने तर त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, परस्पर विचारले, “ती समई द्यायची आहे का?” काकू म्हणाल्या, “बाबा, संध्याकाळी ती लावते मी.” दुसऱ्याच्या घरात जाऊन ‘विकणार का?’ असे विचारू नये, ही या मंडळींची पहिली रीत. मालकाला विकायचेच असेल तर तो वस्तू पुढे ठेवून आपणहून बोलेल. बाजारात दुसऱ्याच्या हातात वस्तू असेल तोवर तिचा भाव आपण विचारायचा नाही; त्याने ती खाली ठेवली की मग पुढे व्हायचे. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा होतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. जुन्या बाजारातले मुरलेले लोकही त्याच चालीचे. त्यांचा सौदा हलक्या आवाजात आणि अर्ध्या वाक्यांत होतो, आणि नव्याला वाटते काही काळेबेरे चालले आहे.

‘कुठून?’ या प्रश्नामागे कायदाही आहे, हे नव्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. नांगराला लागलेले नाण्यांचे मडके गुपचूप सातजणांत वाटून घेतले तर तो गुन्हा होतो. शंभर वर्षांपलीकडच्या मूर्ती, चित्रे अशा कित्येक वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि असा ठेवा खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे १९७२ च्या कायद्याने ठरले व तो १९७६ पासून अमलात आला. तेव्हा वस्तूचे गाव विचारणारा म्हातारा खवचट नसतो, तो स्वतःला जपत असतो आणि तुम्हालाही.

पण कायद्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या पाटसच्या उत्तरेला, भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले. कोणते मडके कोणत्या थरात, कोणत्या घराच्या जमिनीखाली निघाले, हे त्यांनी इंचाइंचाने टिपले. म्हणून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पेरीत होता आणि आपले मेलेले मूल कसे पुरीत होता, हे आज आपल्याला कळते. आता दायमाबादचे पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४ साली तिथल्या एका माणसाला खणताना चार भरीव कांस्यमूर्ती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकंदर वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या तोडीचे या देशात फारसे काही नाही. पण त्या थर मोजून काढलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचा काळ कोणता यावर विद्वानांचा वाद झाला. एवढी अपूर्व वस्तू, आणि तिचे ‘कुठून’ थोडे पुसट राहिले तर तिची वाचा बसते. मग सतरंजीवरच्या सात शिवरायांची काय कथा!

पुण्यात ज्यांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले आहे त्यांना एका माणसाच्या नादातून काय उभे राहू शकते हे सांगायला नको. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत, घरचा धंदा चष्म्यांचा. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी दिवे, अडकित्ते, वजऱ्या, दारे, वाद्ये असा सुमारे वीस हजार वस्तूंचा संसार मांडला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. साताऱ्याला द. ब. पारसनीसांनी जमवलेला ऐतिहासिक ठेवा त्यांच्यामागे १९३९ साली डेक्कन कॉलेजात आला आणि वाचला. या दोघांची नावे मोठी, म्हणून त्यांच्या वस्तूंना घर मिळाले. तालुक्याच्या गावातल्या गुरुजींच्या वस्तूंना कोण घर देणार?

गेल्या उन्हाळ्यात जवळच्याच एका गावी असे एक वृद्ध संग्राहक वारले. गुरुजींचे स्नेही, आणि अडकित्त्यांच्या बाबतीत प्रतिस्पर्धीही. मुले नोकरीला परगावी. तेरावा झाला, घर आवरायला काढले, आणि पितळेची दोन पोती मोडवाल्याकडे गेली. मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्या लेखी ती बापाची अडगळ होती, कारण कोणती वस्तू काय आहे हे बापाने कधी कुणाला सांगितले नव्हते. घरातल्यांनी विचारले नाही, आणि बाहेरच्या नव्या पोरांनी विचारले तेव्हा त्यांना चहा पाजून वाटेला लावले असणार.

ही बातमी आमच्या बँकवाल्याला कामाच्या टेबलावरच कळली. तो जेवणाच्या सुटीत मोडवाल्याकडे धावला. एक पोते आधीच पुढे गेले होते. दुसऱ्यातून त्याने वजनाच्या भावाने एक लामणदिवा, तीन अडकित्ते आणि एक मोडक्या कडीची फणेरपेटी सोडवून आणली. त्या रविवारी तो एकटाच गुरुजींकडे गेला. मी मागाहून पोहोचलो. या खेपेला काहीही घासलेले नव्हते. वस्तू फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. त्याने फडके सोडण्याआधीच सांगितले की या कुणाच्या घरच्या, कोणत्या वारी मोडीत आल्या आणि बाकीचे पोते कुठे गेले. भावाचे नावही काढले नाही. गुरुजींनी चष्मा लावला. त्यातला एक अडकित्ता त्यांनी बराच वेळ उघडमीट केला. मोराच्या घाटाचा होता आणि स्नेह्याकडे त्यांनी तो वर्षानुवर्षे मागितला होता. मग म्हणाले, “अरे, उभा का? बस ना.”

पहिल्या भेटीत ‘या, बसा’ होते; आता ‘अरे, बस’ झाले. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर उतरणे हे कधी अपमान असते आणि कधी घरात घेणे असते. हे कोणत्याही व्याकरणात नीट सांगितलेले नाही, पण त्या मुलाला ते बरोबर कळले. तो मांडी घालून बसला आणि पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे चिंचेबद्दल विचारले. गुरुजींनी तासभर शिकवले. शाळामास्तरच ते, एकदा सुरू झाले की घंटेशिवाय थांबत नाहीत!

तेव्हापासून दर रविवारी दोघे वही घेऊन बसतात. पोराचे अक्षर सुरेख आहे. वस्तू, माप, वजन, गाव, कुणाकडून आली, कोणत्या साली, असे रकाने आखले आहेत. गुरुजींची आठवण पक्की असली तरी वय अठ्ठ्याहत्तर आहे, हे दोघेही बोलून दाखवीत नाहीत. आजवर एकशे चाळीस वस्तू लिहून झाल्या, त्यात अडकित्त्यांची पहिली पेटीच संपली आहे. भांडणे होतातच. मुलगा म्हणतो, किमतीचा रकाना हवा, कारण तुमच्या मुलांना ही अडगळ नव्हे हे आकड्यावाचून पटायचे नाही; दोन पोती कशी गेली ते पाहिलेत ना? गुरुजी म्हणतात, आकडा लिहिला की वही दुकानदाराची होते. मला विचाराल तर यात मुलाचे म्हणणे मला अधिक पटते आणि मी तसे सांगितलेही. त्यावर गुरुजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. शेवटी रकाना आखू दिला, पण तो अजून कोराच आहे.

मोडी कागदांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे सोपवला आहे. दिवाळीच्या सुटीत निदान वीस पाने वाचून द्यायची कबूल केली आहेत, आणि मुलाने वहीत त्यासाठी जागा सोडून ठेवली आहे.